न्यूरोपॅथीला मराठीत काय म्हणायचं? (आणि मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगातले बाकीचे शब्द)

प्रश्न

मधुमेहामुळे नसांना जी इजा होते आणि त्यावर उंदरांवर जे प्रयोग होतात त्याबद्दल कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत लेख लिहितेय, आणि न्यूरोपॅथी, म्हणजे नसांच्या विकाराचं नाव, इथेच गाडी अडलीये. नसविकार, मज्जाविकृती, चेताविकार, चेतापेशींचा ऱ्हास असे वेगवेगळे पर्याय सापडले, यातला कुठला घ्यावा? शिवाय अ‍ॅलोडिनिया आणि हायपरअल्जेसिया हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येक पेपरात येतात. आणि इंड्यूस्ड डायबेटिसला, म्हणजे प्रयोगासाठी मुद्दाम घडवलेल्या मधुमेहाला, काय म्हणू? प्रेरित मधुमेह चालेल का?

उत्तर

आधी न्यूरोपॅथी. तो शब्द तसाच ठेवलात तरी चालेल पण पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगाच, कारण मराठीत पॅथी म्हटलं की उपचारपद्धती डोळ्यासमोर येते, होमिओपॅथी, अ‍ॅलोपॅथी वगैरे, आणि नॅचरोपॅथी तर कानाला इतकी जवळची की न्यूरोपॅथी म्हणजे कुठलीतरी ट्रीटमेंट असं समजणारे पुष्कळ भेटतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सोसणं, दुखणं असा आहे.

मज्जाविकृती नको. मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्द रुळलेत हे खरं, पण नुसतं मज्जा म्हटलं की अस्थिमज्जा आठवते आणि वाचणाऱ्याला बोन मॅरोचा आजार वाटतो. स्नायूविकार तर अजिबातच नको, हे मुद्दाम सांगतेय कारण हिंदीत स्नायु म्हणजे नर्व्ह आणि मराठीत स्नायू म्हणजे मसल, त्यामुळे हिंदीवरून उचललेल्या मजकुरात हा घोळ नेहमी सापडतो.

चेतापेशींचा ऱ्हास हा शब्द ऐकायला छान आहे पण तो जास्तीचं सांगतो. प्रयोगातल्या मधुमेही रॅटमध्ये काही आठवड्यांतच मांडीतल्या मोठ्या नसेतून संदेश जायचा वेग कमी झालेला दिसतो, पण तोवर तंतू मेलेले फारसे दिसत नाहीत, माणसात जितकी झड होते तितकी त्यांच्यात होतच नाही, आणि हीच त्या प्रयोगांची सगळ्यात मोठी मर्यादा मानली जाते. शिवाय ज्यांना मार बसतो ती पेशीची लांब टोकं असतात, पेशीचं मूळ अंग बरेचदा शाबूत असतं. म्हणूनच माणसात त्रास तळपायापासून सुरू होतो आणि वर सरकतो, कारण तिथवर जाणारे तंतू सगळ्यात लांब, जवळपास एक मीटरचे. तेव्हा ऱ्हास हा शब्द जिथे खरंच तंतू कमी झालेले मोजलेत तिथेच वापरा, उदाहरणार्थ तळव्याच्या कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या बारीक तंतूंची संख्या मोजतात तिथे. एरवी चेताविकार. त्यात वेग मंदावणं पण आलं, झड पण आली, आणि चेता हा शब्द मुलांनी शाळेत शिकलेला असतो.

मधुमेही चेताविकार की मधुमेहजन्य, असाही प्रश्न येईलच. जन्य ठेवा. त्या जन्यच्या मागे इतिहास आहे. 1849 मध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी सुईने टोचलं तर लघवीत साखर उतरली, म्हणून पुढची काही वर्षं मधुमेह हाच मज्जासंस्थेचा आजार असावा असा सूर होता. 1864 साली मार्शाल द काल्वी या फ्रेंच डॉक्टरांनी उलट मांडलं, की मधुमेहामुळे नसा बिघडतात. आज हे उघड वाटतं पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे शब्दातच दिसलं तर चांगलंच.

प्रतिसाद

चेताविकार पुस्तकात ठीक आहे पण पेशंट नस म्हणतो, नस हाच शब्द ठेवा ना. नसा कमजोर झाल्या, नस दबली, सगळे असंच बोलतात.

प्रतिसाद

नसला माझा विरोध नाही, बोलताना मी पण तेच म्हणते, पण नस आणि शीर दोन्ही शब्द लोक रक्तवाहिनीलाही वापरतात, इंजेक्शन द्यायला नस सापडत नाही असं म्हणतोच की आपण. आणि मधुमेहात तर हे दोन्ही बिघडतं, नर्व्हला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात, म्हणजे एकाच वाक्यात नसेची नस असं लिहायची पाळी येईल! लेखात पहिल्यांदा 'नसा म्हणजे इथे चेतातंतू' असं एकदा सांगून टाका आणि पुढे काहीही वापरा.

आता अ‍ॅलोडिनिया आणि हायपरअल्जेसिया, मला वाटतं खरी अडचण इथे आहे. हायपरअल्जेसिया म्हणजे जे एरवीही दुखतं तेच जास्त दुखणं, त्याला अतिवेदना म्हणता येईल. अ‍ॅलोडिनिया म्हणजे जे एरवी दुखतच नाही त्यानेही दुखणं, पायावर चादर टेकली तरी सहन न होणं. काही जण याला स्पर्शवेदना म्हणतात पण नुसत्या गारव्यानेही हे होऊ शकतं, मग स्पर्श कुठे राहिला? मी तरी शब्द न घडवता अ‍ॅलोडिनियाच लिहीन आणि वर दिलेला अर्थ पहिल्याच वाक्यात देईन.

पण उंदरांच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे. 'उंदराची वेदना मोजली' असं कृपा करून लिहू नका. वेदना सांगणारा लागतो. प्रयोगात काय करतात तर उंदराला जाळीवर ठेवून खालून मागच्या पायाच्या तळव्याला बारीक नायलॉनचा केस टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात, प्रत्येक केस ठराविक जोराला वाकतो, आणि कितीच्या जोराला पाय मागे घेतला ते लिहून ठेवतात. ही फॉन फ्राय या शरीरक्रियाशास्त्रज्ञांची पद्धत, त्यांनी स्वतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोड्याचे केस वापरले होते. दुसऱ्या चाचणीत काचेखालून उष्णता देतात आणि पाय उचलायला किती सेकंद लागले ते बघतात. दोन्हीकडे मोजलं काय, तर पाय मागे घेणं. म्हणून 'कमी जोराला पाय मागे घेतला' एवढंच लिहा, त्यावरून वेदना वाढली असावी हा आपला अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच यायला हवा. मुक्या जनावराबद्दल लिहिताना एवढी काळजी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

(केस म्हटलं, तंतू नाही म्हटलं, ते मुद्दाम. फिलामेंटला तंतू म्हणालात तर चेतातंतूला नायलॉनचा तंतू टोचला असं वाक्य होईल.)

प्रतिसाद

पण मग माणसाच्या पायाला पण तसलाच नायलॉन लावतात ना? 10 ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या जोराला वाकणारा. तिथे तर बधिरपणा तपासतात, वेदना नाही. मग एकाच आजारात पाय जास्त दुखतो पण आणि काही कळत नाही पण, हे मुलांना कसं सांगायचं?

प्रतिसाद

बरोबर पकडलंत, हे लेखात यायलाच हवं. दवाखान्यात 10 ग्रॅमचा केस वाकेपर्यंत दाबूनही कळला नाही तर पायाची संरक्षक संवेदना गेली असं धरतात, कारण मग जखम झाली तरी समजत नाही आणि चिघळते. उंदरात नेमकं उलटं शोधतात, हलक्या जोरालाच पाय झटकतो का. उष्णतेच्या चाचणीत कित्येकदा आधी पाय लवकर उचलला जातो आणि आजार जुना झाला की उशिरा. म्हणून चेताविकार आणि बधिरता हे समानार्थी धरू नका. मुंग्या, आग, टोचणी, बधिरपणा हे सगळे त्या एकाच विकाराचे वेगवेगळे चेहरे, आणि एकाच माणसात आग आणि बधिरपणा शेजारी शेजारी असू शकतात.

प्रश्नकर्ती

खूप उपयोग झाला. प्रेरित मधुमेहाचं राहिलं.

प्रतिसाद

प्रेरित नको, प्रेरित म्हणजे स्फूर्ती घेतलेला. सरळ 'औषध टोचून मधुमेह केलेले' लिहा, लॅबमध्येही इंड्यूस केलेले असंच म्हणतात. औषध बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन, मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं, ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये ग्लुकोजच्या वाटेनेच शिरतं आणि त्यांना मारतं. म्हणजे हा टाइप 1 सारखा मधुमेह झाला. डीबी/डीबी नावाचे उंदीर वेगळे, त्यांच्यात लेप्टिनच्या (भूक आटोक्यात ठेवणाऱ्या हॉर्मोनच्या) रिसेप्टरचा, म्हणजे ते हॉर्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाचा, जनुकीय दोष जन्मतःच असतो, ते लठ्ठ होतात आणि मधुमेह टाइप 2 सारखा. तेव्हा नुसतं 'मधुमेही उंदीर' लिहिलं तर यातले कुठले ते कळत नाही, आणि चेताविकाराचे निष्कर्ष दोघांत सारखे नसतात.

आणि रॅट, माउस तसेच राहू द्या. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, पण माउस 20-30 ग्रॅमचा आणि रॅट त्याच्या दहापट, औषधाची मात्राही दोघांना वेगळी लागते. रॅटला घूस म्हणू नका, घूस हा वेगळाच प्राणी.