टॅब कुठला घ्यावा? गाडीत पिक्चर आणि गच्चीवरच्या खोलीत सुतारकाम

सी-२०२ काका: नमस्कार मंडळी 🙏 एक सल्ला हवाय, मोकळे असाल तेव्हा सांगा, घाई नाही. टॅब घ्यायचाय, बजेट ४० हजारांच्या आत. कामं दोन. एक प्रवास, आमचं गावाला सावंतवाडीकडे जाणं-येणं चालू असतं आणि मधूनमधून लेकीकडे बंगळुरूला, तेव्हा रेल्वेगाडीत आम्ही दोघं पिक्चर बघतो, मोबाइलवर आता डोळे दुखतात. दुसरं म्हणजे गच्चीवरच्या खोलीत माझं सुतारकाम, तिथे ड्रॉइंग समोर ठेवायला आणि एखादा जोड कसा काढतात ते व्हिडिओवर बघायला. गावच्या घरात देव्हारा आणि पुस्तकांचं कपाट करायचंय. दुकानदार आयपॅड म्हणतो, जावई म्हणतात अँड्रॉइड घ्या. माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

ए-१०३: काका आयपॅडच घ्या, विचारच करू नका. बेस मॉडेल, ए१६ चिप वाला, २०२५ चा, १२८ जीबी, लाँचला ३४,९०० होता आणि सेलमध्ये खाली येतो. अपडेट बरीच वर्षं येतात. आणि सुतारकामासाठी म्हणाल तर स्केचअप म्हणजे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, त्यात प्रत्यक्ष ड्रॉइंग काढायचं ॲप आयपॅडवरच आहे, अँड्रॉइडवर नुसता व्ह्यूअर आहे म्हणजे दुसऱ्याने काढलेलं फिरवून बघा बास. शेपर थ्रीडी हे तसलंच दुसरं ॲप, ते पण अँड्रॉइडवर नाहीच.

सी-२०२ काका: हे महत्त्वाचं सांगितलंस. पण मला ते थ्रीडी येत नाही रे अजून. मी ग्राफ पेपरवर काढतो, फूट, इंच, सूत.

डी-४०१ ताई: काका प्रवासाचं मी सांगते, आमच्याकडे दोन मुलं आणि दर सुट्टीत कोकण रेल्वे, त्यामुळे हे पक्कं माहितीये. पनवेल सोडलं की नेटवर्कचा भरवसा नाही, पुढे बोगदेच बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटर आहे, तिथे ऑनलाइन काही चालत नाही. त्यामुळे सगळं घरून डाउनलोड करून न्यायचं. चांगल्या क्वालिटीत एक पिक्चर सहज दीड-दोन जीबी खातो, मालिकांचे भाग, गाणी, फोटो धरले की १२८ जीबी भरायला वेळ लागत नाही. आयपॅडला कार्ड टाकायची सोयच नाही. सॅमसंगच्या ए, एफई या टॅबना मेमरी कार्डाची जागा आहे आणि अँड्रॉइडवर नेटफ्लिक्स, प्राइम दोन्हीचं डाउनलोड थेट कार्डावर ठेवता येतं. आणि एक, डाउनलोडला मुदत असते, कुठलं कधी संपेल ते पिक्चरनुसार वेगळं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री एकदा उघडून बघायचं, गाडीत बसल्यावर कळून उपयोग नाही.

डी-४०१ ताई: अजून एक राहिलं. तुम्ही आणि काकू एकत्र बघणार ना, मग सॅमसंगला दोन ब्लूटूथ हेडफोन एका वेळी जोडता येतात, दोघांना एकाच पिक्चरचा आवाज. आयपॅडवर हे त्यांच्याच कंपनीच्या एअरपॉड्स किंवा बीट्स असतील तरच होतं. स्पीकरवर लावून बसणारे डब्यात असतात त्यांचा किती त्रास होतो ते मी वेगळं सांगायला नको.

ए-१०३: ताई कार्डाचा मुद्दा मान्य. पण स्केचअप?

बी-७०४: काका मी सकाळपासून वाचतोय, आता निवांत लिहितो, थोडं लांबेल. माझंही लाकूडकाम चालू असतं हे तुम्हाला माहितीये, शिवाय ऑफिसमध्ये दिवसभर ड्रॉइंगचंच काम, त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो. तुमच्यासाठी प्रोसेसर, ॲप हे सगळं नंतर. पहिला प्रश्न धूळ. रंधा आणि हातकरवत असती तर मी एवढं बोललो नसतो, रंध्याचे छिलके पडतात ते झटकले की झालं. पण तुम्ही आता सर्क्युलर सॉ (विजेची गोल करवत) आणि सँडर (घासायचं मशीन) वापरता, त्यातून पिठासारखी बारीक धूळ निघते, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर विचारूच नका, ती हवेत तरंगत राहते आणि टॅबच्या स्पीकरच्या जाळीत आणि चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. आमच्याकडे फर्निचरचं काम करणाऱ्या मिस्त्रींचा टॅब मी बघितलाय, टाइप-सी पिन अर्धीच आत जायची कारण तळाशी भुशाचा थर घट्ट दाबला गेला होता, प्रत्येक वेळी केबल खुपसली की थर आणखी दाबला जायचा. बंद करून लाकडी टूथपिकने हळूहळू उकरला तेव्हा चार्ज व्हायला लागला. लोखंडी टाचणी कधीच घालायची नाही, आत मधोमध पातळ पट्टी असते ती गेली की पोर्ट गेलं.

बी-७०४: म्हणून बॉक्सवर आयपी रेटिंग बघा. आयपी६८ मधला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि ८ म्हणजे पाण्याचं. साध्या आयपॅडला असं कुठलंही रेटिंग कंपनी देत नाही. सॅमसंगच्या टॅब एस९ एफई ला आयपी६८ आहे, नंतर आलेल्या एस१० एफई ला पण आहे. ए९ प्लस ला नाही, तो स्वस्त आहे, ११ इंची आहे, हेडफोनची जुनी ३.५ ची पिन पण आहे, नुसता गाडीत पिक्चर बघायचा असता तर मी तोच सांगितला असता. पण त्याला पेन चालत नाही आणि धुळीचं संरक्षण नाही. फक्त हेही ध्यानात ठेवा की आयपी६८ म्हणजे धूळ टॅबच्या पोटात जात नाही एवढंच, पोर्टचं भोक बाहेरून उघडंच असतं, ते भरायचं तर भरणारच. त्याला सिलिकॉनचं बूच मिळतं ते लावायचं.

सी-२०२ काका: हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदार कॅमेऱ्याचंच सांगत होता.

ए-१०३: मी आयपॅड झिपच्या पाऊचमध्ये टाकून वापरला असता की, त्यात काय.

बी-७०४: चालतं, पातळ प्लास्टिकवरून टच चालतो आणि पेनही चालतं. मी म्हणतो एस९ एफई घेतला तरी काका तुम्ही सँडर चालू असताना पाऊचमध्येच ठेवा. फक्त पाऊचमध्ये असताना चार्जिंगला लावू नका, गरम होतो. पण घाईत रोज कोण पाऊच शोधतं, हात भुशाने भरलेले असतात, माप बघायचं असतं, माणूस तसाच हात लावतो. म्हणून मुळात सोसेल असा टॅब घ्यावा हे माझं मत.

बी-७०४: आता स्केचअप. ए-१०३ म्हणतोय ते शंभर टक्के बरोबर आहे, टॅबवरच थ्रीडी काढायचं असेल तर आयपॅडला पर्याय कमी. अँड्रॉइडवर ऑनशेप चालतं, ते चांगलं आहे, पण सगळं क्लाउडवर, नेट नसेल तर काम बंद, आणि फुकटच्या खात्यातलं ड्रॉइंग सगळ्या जगाला दिसतं. देव्हाऱ्याचं दिसलं तर बिघडत नाही म्हणा. पण काका तुम्हाला खरंच थ्रीडी लागतंय का? एक देव्हारा आणि एक कपाट. ग्राफ पेपरवरचं तुमचं ड्रॉइंग मी बघितलंय, त्यावरून मी सुद्धा कपाट करीन इतकं स्वच्छ आहे. त्याचा फोटो काढा, टॅबवर उघडा, पेनाने त्यावर मापं लिहा, बदल झाला की रंग बदलून लिहा. पुढेमागे थ्रीडी शिकावंसं वाटलं तर घरातल्या लॅपटॉपवर स्केचअपची फुकटची आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते, मोठी स्क्रीन, माऊस, शिकायलाही तेच सोपं.

बी-७०४: तुम्हाला खरा फायदा होईल तो कटलिस्टच्या, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या यादीच्या, ॲपचा. एक उदाहरण देतो. ८ बाय ४ ची प्लाय, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. कपाटाचे कप्पे तुम्ही १६ इंच खोल धरलेत. १६ त्रिक ४८, म्हणजे बरोबर ४ फुटात तीन पट्ट्या, कागदावर सगळं छान बसतं. पण करवतीचं ब्लेड प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी खातं, म्हणजे जवळजवळ एक सूत. तीन पट्ट्यांना मध्ये दोन काप, दोन सूत गेलं, तिसरी पट्टी जवळजवळ पाव इंच कमी भरणार, आणि फॅक्टरीची कड साफ केली तर अजून कमी. तोच कप्पा ४०० मिमी धरला, म्हणजे पावणेसोळा इंच, की तीन पट्ट्या, काप आणि कड साफ करणं सगळं मावतं. कटलिस्ट ऑप्टिमायझर नावाचं ॲप आहे, त्यात शीटचं माप, तुकडे आणि ब्लेडची जाडी घातली की कुठून कसं कापायचं ते चित्रच काढून देतं. ते अँड्रॉइडवर आहे.

सी-२०२ काका: अरे वा. गेल्या खेपेला मिस्त्री म्हणाले होते की कप्पा थोडा कमी घ्या, का ते आत्ता कळलं. पण त्यात सूत चालतं का?

बी-७०४: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. तुम्ही २७ इंच ५ सूत म्हणालात तर २७ ५/८ लिहायचं, किंवा मिमीमध्ये ७०१.७. माझं ऐकाल तर नवीन कामापासून मिमीच धरा, प्लाय, बिजागरी, ड्रॉवरचे चॅनेल सगळं बाजारात मिमीतच येतं.

ए-१०३: ठीक, पटलं. पण पेनाचं सांगा, ॲपलचं पेन्सिल वेगळंच भारी आहे.

बी-७०४: आहेच, पण वेगळं घ्यावं लागतं. बेस आयपॅडला टाइप-सी वालं लाँचला ७,९०० होतं, ३४,९०० मध्ये मिळवलं की ४२,८००, काकांच्या बजेटच्या बाहेर. एस९ एफई लाँचला ३६,९९९ ला आला होता त्यात पेन बॉक्समध्येच, आणि त्या पेनाला चार्जिंगच लागत नाही.

डी-४०१ ताई: माझ्या भावाकडे ग्लोव्ह घालून चालणारा जाडजूड टॅब आहे, टॅब ॲक्टिव्ह का काय, कारखान्यात वापरतात तो. तो बघा की काका, हातमोजे घालून काम करता येईल.

बी-७०४: ताई तो टॅब दणकट आहे, पण साधा टॅब ॲक्टिव्ह ८ इंची, पिक्चरला लहान पडेल. आणि काका, फिरत्या ब्लेडपाशी किंवा राउटरपाशी (लाकडात खाचा पाडायचं मशीन) हातमोजे घालायचेच नाहीत. कापड ब्लेडमध्ये अडकलं की बोट ओढलं जातं. मशीन चालू असताना टॅबला हातही लावायचा नाही, मशीन बंद, ब्लेड थांबलं, मग स्क्रीन. टॅब टेबलावर आडवा ठेवू नका, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर स्टँड करा, तुम्हाला तो अर्ध्या तासाचा खेळ आहे.

सी-२०२ काका: मोबाइलने खोलीचं माप घेता येतं म्हणतात, ते टॅबवर असलं तर टेप लागणार नाही का?

बी-७०४: टॅबमध्ये लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) फक्त आयपॅड प्रोमध्ये, आणि असला तरी तो खोलीचा नकाशा काढायला ठीक, सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. आपल्याला अर्धा मिमी हवा. टेप आणि गुण्याच.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चाललीये. काका फक्त आठवण, मशीनचं काम सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ६, दुपारी लहान बाळं झोपतात. बाकी गच्चीवरच्या खोलीला कमिटीची हरकत नाही.

सी-२०२ काका: हो हो, पाळतो मी ते. मग ठरवू का, एस९ एफई?

ए-१०३: मिळाला तर घ्या काका. स्टॉक नसेल तर एस१० एफई बघा, तो थोडा महाग आहे, ऑफरमध्ये ४० च्या आत आला तरच. नावं सारखी असतात, लाइट, एफई, प्लस, त्यामुळे बॉक्सवर आयपी६८ लिहिलेलं स्वतः वाचा. आणि कुणी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त टॅब दाखवला तर वाइडवाइन एल१ (पिक्चरची कॉपी होऊ नये म्हणूनचं सुरक्षा प्रमाणपत्र) आहे का विचारा, नसेल तर नेटफ्लिक्स एचडीमध्ये दिसतच नाही, स्क्रीन कितीही भारी असो.

डी-४०१ ताई: या टॅबला हेडफोनची जुनी पिन नाहीये हं, ब्लूटूथ घ्या दोन. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. बनावट कार्डांवर ५१२ लिहिलेलं असतं आणि थोडं भरलं की जुनं गायब होतं. पॉवर बँक २० हजार एमएएच चालेल, ते ७४ वॉट-अवर होतं आणि विमानात १०० पर्यंत नेता येतं, पण ते हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही. गाडीत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात बऱ्याचदा, संध्याकाळीच भरून ठेवा.

सी-२०२ काका: ठरलं मग. एस९ एफई, २५६ चं कार्ड, दोन हेडफोन, पोर्टचं बूच, पाऊच. हिला सांगितलं, ती म्हणाली आधी देव्हारा. बी-७०४, टॅब आला की पहिली कटलिस्ट तू शेजारी बसून करून दे रे.

बी-७०४: नक्की काका, रविवारी १० वाजता वर येतो. त्याच्या आधी गावाला जाणार आहात ना, तर देव्हारा ज्या कोनाड्यात बसवायचाय त्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून आणा, खोलीही तशीच. जुनी चिऱ्याची भिंत, गिलावा कुठे जाड कुठे पातळ, तिन्ही मापं एक येणार नाहीत. सगळ्यात कमी भरेल ते धरू आणि त्यातूनही दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी सोडू, पावसाळ्यात लाकूड फुगतं तिकडे. आणि फणसाची फळी वापरणार असाल तर तिची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून आणा, गिरणीतून कापून आलेली फळी सांगितल्या मापाची कधी नसते.