एसीएलच्या ऑपरेशननंतरही वळताना गुडघा सटकतो, ग्राफ्ट चुकीच्या जागी बसलाय का?

कबड्डीवाला_दादा: धाकटा भाऊ कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी एसीएल (गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट (मांडीच्या मागच्या स्नायूच्या कंडरेचा तुकडा) त्या जागी घालून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आता सरळ पळतो, जिना चढतो, सगळं करतो पण रेडला गेला आणि झटकन वळला की गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये ग्राफ्ट अख्खा दिसतोय मग असं का होतंय? टनेलची (ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेल्या भोकाची) जागा चुकली की असं होतं म्हणे, खरंय का?

हाडवैद्य_एमएस: होऊ शकतं. ग्राफ्ट अख्खा असला म्हणजे जागेवर आहे असं नाही. मूळ लिगामेंट मांडीच्या हाडाला नॉचच्या (हाडाच्या खालच्या टोकाला मधोमध असलेल्या खाचेच्या) बाहेरच्या भिंतीवर, बरंच मागे आणि खाली चिकटलेलं असतं. पूर्वी नडगीच्या टनेलमधूनच ड्रिल वर घालायचे, त्यामुळे वरचं भोक बऱ्याचदा छताकडे जायचं आणि ग्राफ्ट उभा बसायचा. असा ग्राफ्ट नडगीला पुढे सरकू देत नाही म्हणून लॅकमन टेस्ट (नडगी पुढे ओढून बघायची तपासणी) बरी येते, पण पाय वळताना होणारं फिरणं तो धरत नाही आणि पिव्होट शिफ्ट (पाय फिरवून वाकवताना गुडघा सटकतो का ते बघायची तपासणी) पॉझिटिव्ह राहते. आता बरेच सर्जन आतल्या बाजूने वेगळं छिद्र घेऊन, गुडघा साधारण १२० अंश वाकवून ड्रिल करतात ते यासाठीच. भावाची पिव्होट शिफ्ट कुणी तपासली का? टनेल कुठे आहे ते थ्रीडी सीटीत नीट कळतं, बाजूने काढलेला एक्सरेसुद्धा बरंच सांगतो.

फिजिओ_मीनल: सीटी कराच, पण दोन्ही मांड्यांची ताकद मशीनवर मोजून घ्या. क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) कमकुवत असला तरी पाय लटपटतो. मेनिस्कसची (गुडघ्यातल्या गादीची) जुनी दुखापत राहून गेली असेल तरी सटकतो, सगळं टनेलवर ढकलू नका.

पुन्हा_मैदानात: माझ्या पहिल्या ऑपरेशनला मांडीतला टनेल फार पुढे गेला होता, गुडघा पूर्ण वाकायचाच नाही. रिव्हिजन (ग्राफ्ट बदलायचं पुन्हा ऑपरेशन) दोन टप्प्यांत झाली, आधी रुंदावलेली जुनी भोकं हाड भरून बुजवली, ते जुळून आल्यावर काही महिन्यांनी नवा ग्राफ्ट. त्रास झाला पण मनापासून सांगतो, करून घेतलं ते बरं झालं.

कबड्डीवाला_दादा: पिव्होट शिफ्टचं कुणी बोललंच नाही, ह्याच आठवड्यात दाखवतो. तोवर खेळू देऊ का? निवड चाचणी जवळ आलीय, ऐकत नाहीये.

हाडवैद्य_एमएस: अजिबात नको. दर वेळी सटकताना मेनिस्कस आणि कूर्चा झिजते, ती नंतर ग्राफ्ट बदलूनही परत मिळत नाही. सायकल आणि जिमचे व्यायाम फिजिओला विचारून चालू ठेवा, वळणं आणि उड्या बंद.