मामा तलावाखालील ओलिताचे जुने आकडे ग्रंथालयात कोणत्या नावाखाली शोधावेत?

प्रश्न : झाडीपट्टीतील शिक्षक

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका गावी शिक्षक आहे. आमच्या गावच्या मामा तलावाखाली (मामा म्हणजे माजी मालगुजारी) पूर्वी किती धानशेती भिजत होती आणि आज किती भिजते, याचा दशकवार हिशेब मला मांडायचा आहे. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, गेल्यावर पाळीची (तलावाच्या बांधाची) आणि पाटांची निगा राखणारे कोणी उरले नाही व तलाव गाळाने भरत गेला, असे गावातील वडीलधारी माणसे सांगतात. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तरी कागदाचा आधार मिळाल्याशिवाय ते लिहून काढण्याची माझी तयारी नाही.

गेल्या महिन्यात रजा काढून मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. तेथील संगणकीय सूचीत ‘गोंदिया’, ‘सिंचन’, ‘तलाव’ असे शब्द टाकून पाहिले. काही अलीकडचे प्रबंध दिसले, परंतु सरकारी आकडेवारीचे एकही पुस्तक निघाले नाही. काउंटरवर विचारले असता, सूचीत नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असे उत्तर मिळाले. दिवसभराचा प्रवास वाया गेला याचे दुःख नाही, पण पुन्हा जाण्यापूर्वी नेमके काय मागावे हे कळले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त ग्रंथालय सहायक, नागपूर

सर, आपला प्रश्न वाचून राहवले नाही, कारण माझी निम्म्याहून अधिक नोकरी शासकीय प्रकाशनांच्या कपाटांजवळच गेली. सूचीत नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, हे उत्तर या विभागापुरते बहुतेक वेळा चुकीचे ठरते. अनेक जुन्या ग्रंथालयांत संगणकीकरण झाले तेव्हा आधी पाठ्यपुस्तके आणि संदर्भग्रंथ नोंदवले गेले. जनगणनेचे खंड, जमीन महसूल बंदोबस्ताचे अहवाल आणि हंगाम व पीक अहवाल मात्र दाखलनोंद वहीत किंवा जुन्या कार्डांवरच राहिले. म्हणून काउंटरवर न थांबता संदर्भ विभागात जावे आणि ‘शासकीय प्रकाशने कोठे ठेवली आहेत व त्यांची कार्डे पाहता येतील का’ असे विचारावे. ही कार्डे पुष्कळदा विषयावर नसून प्रकाशित करणाऱ्या कार्यालयाच्या नावावर लावलेली असतात. ‘तलाव’ या शब्दाखाली काहीच मिळणार नाही. ‘भारत, जनगणना’ किंवा ‘महाराष्ट्र, अर्थ व सांख्यिकी संचालनालय’ या नावांखाली मिळेल.

दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. आपण ‘गोंदिया’ शोधलेत, पण गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जनगणनेत स्वतंत्र गोंदिया जिल्हा प्रथम 2001 मध्येच दिसतो; 1991 आणि त्यापूर्वीचे आपले गाव भंडारा जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत आहे. 1971 पर्यंत मागे गेलात, तर अर्जुनी मोरगाव तालुकाही सापडणार नाही. तेव्हा भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया व साकोली या तीनच तहसिली होत्या आणि आपला परिसर साकोलीत मोडत होता. आणखी मागे 1951 ला जाल, तर महाराष्ट्राच्या कपाटात हात घालून उपयोग नाही, कारण विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. भंडाऱ्याची 1951 ची पुस्तिका मध्य प्रदेशाच्या मालिकेत बसवलेली असते. मी स्वतः कितीतरी अभ्यासकांना महाराष्ट्राच्या रांगेसमोर निराश होऊन उभे राहिलेले पाहिले आहे, आणि त्यांना हवे असलेले पुस्तक दोन कपाटे सोडून पडलेले असे. त्याहून जुने ग्रंथ मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि 1903 पूर्वीचे केवळ मध्य प्रांत, या नावाने शोधावेत.

ज्या पुस्तिकेबद्दल मी बोलतो आहे तिचे नाव ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ असे आहे. 1951 पासून ती दर जनगणनेनंतर निघते आणि तिच्यात गावनिहाय माहिती असते. 1951 मध्ये भर लोकसंख्या व उपजीविकेच्या वर्गांवर आहे. आपल्याला हवा तो ओलिताचा तपशील नंतरच्या पुस्तिकांच्या ग्राम निर्देशिकेत, म्हणजे गावनिहाय माहितीच्या तक्त्यांत, मिळेल. 1981 ची निर्देशिका उघडलीत की गावाच्या नावासमोर आडव्या ओळीत वन, ओलीत, कोरडवाहू, पडीक अशी क्षेत्रे हेक्टरमध्ये दिसतील. ओलिताच्या रकान्यात आकड्याशेजारी रोमन अक्षरांत साधनाची खूण असते. ‘टी-के’ ही अक्षरे म्हणजे तलाव. ती एक ओळ सापडली की आपल्या कामाचा पाया पडला, असे समजा.

जाताना मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र सोबत न्यावे, म्हणजे बाहेरील वाचक म्हणून बसू देण्यास अडचण येत नाही.

उत्तर : संशोधक विद्यार्थिनी, गडचिरोली

सर, वरील काकांनी सांगितलेला अनुभव आमच्याकडेही तसाच येतो. गडचिरोली 1982 मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आम्हांला सगळे जुने आकडे चंद्रपुरात, आणि त्याही आधीचे ‘चांदा’ या नावाखाली पाहावे लागतात. प्रवास करण्यापूर्वी घरूनच एक काम करता येईल. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर 2011 च्या पुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येतात आणि बऱ्याच जुन्या पुस्तिकाही तेथे आता चढवलेल्या आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही जुने अहवाल व गॅझेटियर स्कॅन करून खुले केले आहेत. 1908 साली निघालेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर अवश्य वाचा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांसंबंधीचे विवेचन आपल्या उपयोगी पडेल.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. ग्राम निर्देशिकेतील जमीनवापराचे आकडे प्रगणकाने शेतात जाऊन मोजलेले नसतात. ते महसूल दप्तरावरून घेतलेले असतात. पटवाऱ्याने जुनीच नोंद पुढे ओढली असेल, तर दोन जनगणनांत आकडा जसाच्या तसा आढळतो. त्यामुळे लागोपाठ दोन वेळा तोच आकडा आला, तर तलाव तसाच टिकून होता असा निष्कर्ष लगेच काढू नये. गावाच्या नावाचे रोमन स्पेलिंग आणि स्थान क्रमांक दर वेळी बदलतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन गावांची नावेही टिपून ठेवावीत. शेजारी रिठी, म्हणजे ओसाड, गाव असेल तर फारच उत्तम, कारण ओसाड गावेही यादीत असतात आणि त्यांच्यावरून आपले गाव पटकन ओळखू येते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आलो. संदर्भ विभागातील ताईंनी कार्डांचा खण उघडून दिला आणि भंडाऱ्याची 1981 ची पुस्तिका तळाच्या फळीवरून काढून दिली. तिचा पुठ्ठा सुटला होता, पाने मात्र सगळी होती. गावाची ओळ सापडली, ‘टी-के’ ही अक्षरेही दिसली, आणि आमच्या शेजारची रिठी नेमकी वरच्याच ओळीत होती. 1971 ची पुस्तिका तेथे नाही. आता तलाव किती जमीन भिजवण्यासाठी बांधला होता, ही मूळ क्षमता कोठे मिळेल?

उत्तर : निवृत्त ग्रंथालय सहायक, नागपूर

फार आनंद झाला, सर. 1971 ची प्रत आधी संकेतस्थळावर पाहा. न मिळाल्यास विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या संयुक्त सूचीत ती कोणत्या विद्यापीठाकडे आहे ते शोधून ग्रंथपालांमार्फत त्या पानांची छायाप्रत मागवता येईल. तलावाच्या क्षमतेसाठी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे जावे, कारण 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव त्यांच्या अखत्यारीत येतात. तोंडी विचारून काम झाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा आणि त्यात तलावाचे नाव, गट क्रमांक व ‘माजी मालगुजारी तलाव’ हे शब्द पूर्ण लिहावेत. दप्तरात ‘मामा तलाव’ या नावाने नोंद सापडेलच असे नाही.