मदत हवी आहे: यूएस आर्मी रिझर्व्ह, दम्याची जुनी नोंद आणि मेडिकल वेव्हर (वैद्यकीय नियमातून सूट)

मुलगा १९ वर्षांचा, न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवाला. आर्मी रिझर्व्हसाठी मेप्सला (लष्करभरतीच्या तपासणी केंद्रात) तपासणी झाली आणि अपात्र ठरला. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची नोंद असली की नियमच तसा आहे. नोंद एकच: पंधराव्या वर्षी खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी अल्ब्युटेरॉलचा पंप दिला आणि कागदावर ‘दमा’ लिहून मोकळे झाले. नंतर पंप नाही की औषध नाही; पठ्ठ्या शाळेच्या क्रॉस कंट्री टीममध्ये धावायचा.

फार्मसीच्या नोंदी काढल्या, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) नॉर्मल आली, फुप्फुसतज्ज्ञांचं पत्रही आहे. वेव्हर मेप्स नव्हे तर आर्मी देते आणि अर्ज रिक्रूटरमार्फत जातो, हे ठाऊक आहे. ‘सांगायचंच कशाला?’ हा सल्ला कृपया नको. जुन्या नोंदी मेप्सला ऑनलाइन दिसतात, शिवाय लपवणं बेकायदा.

रिक्रूटर म्हणतो, आहे तेवढ्यावर पाठवू. मला मेथाकोलिन चाचणीही (औषध हुंगवून श्वासनलिका आकसतात का ते पाहतात) जोडावीशी वाटते, पण निकाल काठावर आला तर अंगाशी यायचं. खर्चही खिशातूनच. अलीकडे ज्यांच्या मुलांना दम्यासाठी वेव्हर मिळाला, त्यांनी ही चाचणी आधीच जोडली होती, की मागितल्यावर केली?