ट्रेंटची हुर्यो मीही उडवली. उद्या तो परत आला तर?

पेठेतली लेक (लिव्हरपूल)

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. गेली 9 वर्षं लिव्हरपूलला एका रुग्णालयात नर्स आहे. आमचं घर वॉल्टनला. स्टॅन्ली पार्कच्या एका बाजूला लिव्हरपूल क्लबचं मैदान अ‍ॅनफील्ड, दुसऱ्या बाजूला गावातल्याच दुसऱ्या क्लबचं, एव्हर्टनचं गुडिसन. म्हणजे फुटबॉलपासून सुटका कोल्हापुरात नव्हती, इथंही नाही.

4 नोव्हेंबर 2025 ला अ‍ॅनफील्डवर लिव्हरपूलची रेआल माद्रिदशी मॅच होती. माझ्या वॉर्डातली एक बाई पिढीजात लिव्हरपूलची. तिला जमणार नव्हतं म्हणून तिनं कॉपमधलं, म्हणजे पक्क्या चाहत्यांच्या स्टँडमधलं, आपलं तिकीट मला दिलं. 61 व्या मिनिटाला सोबोस्लाईच्या फ्रीकिकवर मॅक अ‍ॅलिस्टरनं डोक्यानं गोल केला, आम्ही 1-0 जिंकलो. पण मला लिहायचंय ते 81 व्या मिनिटाबद्दल. लिव्हरपूलमध्येच घडलेला आणि 2025 च्या उन्हाळ्यात माद्रिदला गेलेला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड त्यांचा बदली खेळाडू म्हणून आत आला आणि सगळं मैदान उठलं. त्याच्या पायाला बॉल लागला की हुर्यो. माझ्या शेजारचे आजोबा, सत्तरीचे असतील, तोंडाला दोन्ही हात लावून ओरडत होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. मीही ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले.

घरी आले तर पोरगा जागा होता. 9 वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, "आई, तूपण केलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच्याकडे 66 नंबरचा शर्ट आहे. ट्रेंट वेस्ट डर्बीचा, आमच्या घरापासून बसनं थोडक्यात पोचता येईल असा भाग. 6 वर्षांचा असताना लिव्हरपूलच्या अकादमीत आला. पदार्पणाला जो 66 नंबर मिळाला तोच त्यानं शेवटपर्यंत ठेवला. 7 मे 2019 ला बार्सिलोनाविरुद्ध, पहिला सामना 0-3 हरून आल्यावर, त्यानं कॉर्नर घ्यायला जातोय, सोडून देतोय असं करत पटकन वळून बॉल आत मारला आणि ओरिगीनं चौथा गोल केला. त्या रात्री माझी ड्यूटी होती. ब्रेकमध्ये स्टाफरूममध्ये आम्ही पाचजणी एका फोनवर डोकी लावून बसलो होतो. गोल झाला तेव्हा कुणाच्या हातातला चहा माझ्या युनिफॉर्मवर सांडला. तेव्हा तो 20 वर्षांचा होता. पुढं सिबिल रोडच्या एका घराच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र आलं. त्यावर त्याचेच शब्द होते, की मी लिव्हरपूलचा एक साधा पोरगा आहे, माझं स्वप्न नुकतंच खरं झालंय. शाळेत जाताना माझा पोरगा रोज त्या भिंतीला हात लावायचा. माद्रिदच्या मॅचआधी कुणीतरी त्या चित्रावर रंग फासला.

आता पोराचा प्रश्न असा. समजा चार-पाच वर्षांनी ट्रेंट परत लिव्हरपूलला खेळायला आला, तर आपण टाळ्या वाजवायच्या का? मला मनापासून उत्तर हवंय, कारण मला ते त्याला द्यायचंय.

रोखठोक

ताई, अजिबात वाजवायच्या नाहीत. जाण्याबद्दल राग नाही, कसा गेला त्याबद्दल आहे. करार संपू दिला. माद्रिदनं क्लब विश्वचषकाआधी महिनाभर लवकर सोडवायला थोडेफार पैसे दिले असतील, पण त्याच्यासारख्या खेळाडूची जी किंमत आली असती त्याच्या पासंगालाही ते पुरत नाहीत. ज्या क्लबनं 20 वर्षं घडवलं त्याच्या हातावर तुरी दिल्या. बाहेरून आलेल्यानं हे केलं असतं तर आपण विसरून गेलो असतो. गावच्या पोराला गाव काय असतं ते माहीत असतं.

1999 मध्ये मॅकमॅनमन असाच करार संपवून माद्रिदला गेला. 2004 मध्ये ओवेन गेला, त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं म्हणून तोही स्वस्तात. पुढच्याच मोसमात लिव्हरपूलनं इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकली. 2005 च्या डिसेंबरात ओवेन न्यूकॅसलकडून अ‍ॅनफील्डला आला तेव्हा लोकांनी त्याला गाण्यातूनच विचारलं, इस्तंबूलला होतास कुठं? नंतर तर तो मँचेस्टर युनायटेडला गेला. आधी विसरायचं आणि मग पुन्हा फसायचं, असं किती वेळा करायचं?

पार्कापलीकडचा निळा

मी एव्हर्टनवाला, नाशिकचा. ताई, तुमचा प्रश्न आम्ही 13 वर्षं गिळून बसलो होतो, म्हणून लिहितोय.

वेन रूनी लिव्हरपूलमधल्याच क्रॉक्स्टेथचा, घरातले सगळे निळे, म्हणजे एव्हर्टनवाले. 19 ऑक्टोबर 2002 ला, सतराव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, त्यानं आर्सेनलला लांबून जो गोल मारला त्यानं त्यांची 30 सामन्यांची अपराजित मालिका संपली. युवा संघाच्या अंतिम सामन्यात त्यानं जर्सीखालचा शर्ट दाखवला होता, 'वन्स अ ब्लू, ऑलवेज अ ब्लू'. ऑगस्ट 2004 मध्ये तो युनायटेडला गेला. मग तेच वाक्य आम्ही त्याच्या तोंडावर फेकत राहिलो. 2008 मध्ये तो गुडिसनवर युनायटेडच्या बिल्ल्याचं चुंबन घेत उभा होता. ते पाहून मी टीव्ही बंद केला होता. आता संपलं, असं म्हणालो होतो.

पण संपलं नव्हतं. ऑगस्ट 2015 मध्ये आमचा जुना फॉरवर्ड डंकन फर्ग्युसन याच्या सन्मानार्थ सामना झाला. रूनी तेव्हा अजून युनायटेडचा होता, तरी त्या दिवशी तो एव्हर्टनचा निळा शर्ट घालून मैदानात उतरला आणि गुडिसन उभं राहिलं. कुणी ठरवलं नव्हतं. 2017 मध्ये तो खरंच परतला. स्टोकविरुद्ध पहिल्याच लीग सामन्यात हेडरनं गोल, 1-0. पुढच्या सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध प्रीमियर लीगमधला त्याचा 200 वा गोल. नोव्हेंबरमध्ये वेस्टहॅमविरुद्ध हॅटट्रिक, त्यातला तिसरा गोल स्वतःच्या अर्ध्या मैदानातून. तरी वय दिसत होतं. वर्षभरात तो अमेरिकेला गेला.

मला त्या एका वर्षाची किंमत विचाराल तर सांगतो. माझ्या मुलीनं रूनीला आमच्या शर्टात पाहिलं. ती मोठी होताना रूनी म्हणजे शिवी होती आमच्या घरात. ती शिवी राहिली नाही.

शाहू मैदान, तिसरी पायरी

पोरी, मंगळवार पेठ म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी त्याच भागातला, वय 68. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे. आमच्या तालमीचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत.

आमचा एक फॉरवर्ड होता. तालमीच्या तांबड्या मातीत लोळून वाढलेला. एका हंगामात समोरच्या पेठेनं त्याला उचललं. नोकरी लावतो म्हणाले आणि लावलीसुद्धा. घरी खायची तोंडं सात. पण आम्हाला त्यातलं काही दिसलं नाही, दिसली ती फक्त त्याच्या अंगावरची दुसरी जर्सी. आमच्याविरुद्ध त्यानं गोल केला त्या दिवशी आम्ही त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते मी चालवून घेतो, मैदानात चालतं ते.

पण त्याचा बाप आमच्याच पायरीवर बसायचा. धोतर, काळी टोपी, खिशात शेंगदाणे, आम्हा पोरांना वाटायचा. त्या हंगामात तो आला तेव्हा आम्ही सरकलो नाही. जागा होती, पण पाय पसरून बसलो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेटातून घरी गेला. परत कधी मैदानावर आला नाही.

तीन हंगामांनी पोरगा परतला. पहिल्या सामन्यात दहा मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही. मग हातचा गेलेला एक बॉल अडवायला तो आपल्याच कॉर्नरपर्यंत पळत गेला आणि घसरत बाहेर मारला. गुडघा सोलून निघाला. कुणीतरी त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारली आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. बाप तोवर गेला होता.

ट्रेंटला टाळ्या वाजवायच्या की नाही ते तुझं तू बघ. त्याच्या घरची माणसं त्याच गावात भेटली तर पाय पसरून बसू नको, एवढंच सांगतो.

रोखठोक

काका, तुमचं वाचून गप्प झालो. तरी माझं मत कायम आहे. करारावर सही करून, क्लबला पैसे मिळवून देऊन गेला असता तर मीच पहिली टाळी वाजवली असती. रूनीच्या वेळी एव्हर्टनला निदान 2 कोटी 50 लाख पौंडांच्या वर मिळाले. त्यांना तेव्हा पैशांची गरजही होती.

पेठेतली लेक (लिव्हरपूल)

काका, माझे वडीलही शेंगदाणे घेऊन जायचे मैदानावर, मला खांद्यावर बसवून. तुमच्या पायरीच्या आसपासच असतील कदाचित. रात्री जेवण झाल्यावर पोराला तुमचा मजकूर वाचून दाखवला. पहिलं त्यानं विचारलं, त्या आजोबांना नंतर कुणी सॉरी म्हटलं का?

रोखठोक, पैशाचं तुम्ही म्हणता ते मला पटतं. मे 2025 मध्ये ट्रेंट जातोय हे कळलं, आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याची हुर्यो उडाली, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर म्हणाले होते की बरं झालं. लिव्हरपूलचे आधीचे प्रशिक्षक क्लॉप त्या हुर्योवर नाराज झाले तेव्हा मला त्यांचाही राग आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ट्रॉफी उंचावताना तो रडत होता, आणि मीही रडले. माद्रिदच्या पांढऱ्या शर्टात दिसला तेव्हा पुन्हा ओरडले. आता मला वाटतं दोन्ही खरं होतं. अनोळखी माणसासाठी माझा घसा बसला नसता.

पोराला मी असं सांगितलं. तो दुसऱ्याचा शर्ट घालून आपल्याविरुद्ध येतो तेव्हा आई ओरडेल, कदाचित पुढच्या वेळी जरा कमी. आपला शर्ट घालून परत आला तर आई उभी राहून टाळ्या वाजवेल, त्यानं आधी गोल करायची वाट बघणार नाही. रूनीसाठी गुडिसन उभं राहिलं तेव्हा त्यानं काही केलं नव्हतं, फक्त शर्ट घातला होता.

त्यानं खणातून 66 चा शर्ट काढला. काखेत घट्ट होतो आता. शेजारच्या धाकट्या पोराला देऊ का, विचारत होता. मी म्हटलं, राहू दे आपल्याकडंच.