लांब पल्ल्यासाठी मोटारसायकलची सीट : सोलापूर परिसरातील चालकांचे अनुभव

धागाकर्ता, जुळे सोलापूर

सोलापुरातून दुचाकीने निघणाऱ्याला रस्त्यांची कमतरता नाही. पुणे सुमारे 250 किलोमीटर, हैदराबाद 300 च्या थोडे पुढे, विजयपूर 100 च्या आसपास, आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर येथे तर वर्षभर जाणे-येणे चालू असते. महामार्ग रुंद झाल्यापासून इंजिनाची दमछाक हा विषय मागे पडला असून आता आपल्याला थांबावे लागते ते बैठक दुखू लागल्यामुळे. कंपनीची सीट काढून बाहेरची बसवावी, आहे तीच कुशनवाल्याकडून नव्याने भरून घ्यावी, की वरून जेलची अथवा हवेची गादी बांधावी, यांविषयी दुकानदार सांगतात त्यापेक्षा वापरणाऱ्यांचे अनुभव अधिक उपयोगी पडतील, म्हणून हे निमंत्रण.

लिहिताना आपला बांधा, गाडीचा प्रकार, दुखण्याची नेमकी जागा आणि दुखणे किती वेळाने सुरू होते हे अवश्य नमूद करावे. बदल केल्यानंतर एक पूर्ण उन्हाळा गेला असल्यास तेही लिहावे, कारण जानेवारीत सुखद वाटलेली सीट मे महिन्यात तशीच राहते असे नाही. नुसते ‘एकदम झकास’ एवढेच लिहिल्यास इतरांना त्याचा उपयोग होणार नाही.

औषध विक्री प्रतिनिधी, बाळे

माझी गाडी 150 सीसीची असून बार्शी, मोहोळ, पंढरपूर आणि सांगोला हा माझा नेहमीचा भाग आहे. मला दुखत असे ते हाडांपाशी नव्हे, तर जांघेत. मूळ सीटचा उतार टाकीच्या दिशेने होता. प्रत्येक ब्रेकला शरीर इंचभर पुढे सरकायचे, पुन्हा मागे बसावे लागायचे, आणि दुपारपर्यंत हाताच्या मनगटांवरही भार यायचा, कारण घसरणारे शरीर हँडलवर तोलले जात होते. सीट कठीण आहे असे समजून मी वर जेलची गादी बांधून पाहिली, तेव्हा उतार तसाच राहून घसरणे मात्र वाढले.

नंतर एका अनुभवी कुशनवाल्याने सीट उघडून तिच्या पुढच्या भागाखाली पाचरीसारखा फोमचा तुकडा बसवला आणि बसण्याची जागा जवळजवळ सपाट केली. वर नवा मऊ थर त्याने दिलाच नाही. मी त्याविषयी विचारले असता त्यांनी आधी महिनाभर चालवून पाहण्यास सांगितले. तो थर आजतागायत लागलेला नाही. ज्यांना पुढे घसरण्याचा त्रास आहे त्यांनी मऊपणाच्या मागे न लागता प्रथम उतार तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी लावून सीटवर पाणसळ (सपाटी तपासण्याचे गवंड्याचे साधन) ठेवली, तर उतार डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

भौतिकोपचार तज्ज्ञ, होटगी रस्ता

मी स्वतः दुचाकीने दूर जात नाही. परंतु माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत दुचाकीवर दिवस काढणारे बरेच असतात, त्यांच्या निरीक्षणावरून लिहीत आहे.

आपण बसतो तेव्हा शरीराचा बहुतेक भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. बहुतेक प्रौढांमध्ये या दोन हाडांतील अंतर साधारण 10 ते 15 सेंटिमीटर असते आणि स्त्रियांमध्ये ते सरासरीने थोडे अधिक असते. सीटचा मागचा सपाट भाग या अंतरापेक्षा अरुंद असेल, तर हाडे कडेवरून घसरतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. तेथील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की मुंग्या येतात. हे अंतर घरी मोजता येते. कठीण खुर्चीवर पन्हाळीचा (खोक्यांना असतो तसा) पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे झुकून बसावे आणि उठल्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर मोजावे.

फार मऊ सीटमध्ये काय घडते हेही समजून घेतले पाहिजे. हाडे खोल रुततात, भोवतालचा फोम वर येऊन मऊ भागावर दाब देतो आणि पुरेसा फोम उरला नाही तर हाडे थेट तळपत्र्याला टेकतात. म्हणूनच दुकानात पाच मिनिटे सुखावणारी सीट दोन तासांनी नकोशी होते.

माकडहाड दुखणाऱ्यांनी मात्र सीटबरोबरच आपल्या बसण्याकडे पाहावे. पोक काढून बसल्यास भार हाडांवरून सरकून माकडहाडावर जातो. त्या भागात घाम, घर्षण आणि हादरे एकत्र आल्यास केसांच्या मुळाशी गळू होण्याचा विकारही संभवतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून सतत प्रवास करणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका आढळला की त्याला ‘जीपचा रोग’ असे नाव पडले होते. सूज, पू किंवा ताप असेल तर सीट बदलण्याचा विचार बाजूला ठेवून शल्यचिकित्सकाकडे जावे.

संगणक अभियंता, सध्या हैदराबाद, मूळ सोलापूर

सणासुदीला आणि जमेल तेव्हा मी नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद या मार्गाने गावी येतो. माझे वजन 90 किलोच्या घरात आहे. मेमरी फोमची तयार सीट मी हिवाळ्यात घेतली आणि पहिल्या काही फेऱ्यांत तिच्याविषयी सर्वांना उत्साहाने सांगितले. पुढे एप्रिल उजाडला. हा फोम उष्णतेने मऊ होतो, हे त्याच्या गुणधर्मातच आहे. सोलापूर-उमरग्याच्या टापूत पारा 40 अंशांच्या वर असताना आणि काळे रेक्झिन त्याहून तापलेले असताना तो इतका सैल पडायचा की उमरग्याच्या पुढे मला तळाचा कडकपणा जाणवू लागे. पहाटे निघाल्यास तीच सीट चांगली वाटे.

सोलापुरात ती उघडून घेतली, तेव्हा आत सगळाच फोम मेमरीचा निघाला. खाली भार पेलणारा थर नव्हता. आता खाली चांगल्या घनतेचा, लवकर पूर्ववत होणारा फोम आणि वर जेमतेम अर्धा इंच मेमरी फोम अशी रचना आहे. दोन उन्हाळे गेले तरी ती बसलेली नाही. येथे एक गोष्ट लक्षात आणून देतो. दुकानदार 32 घनता, 40 घनता असे सांगतात, त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन तितके किलो, एवढाच. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो कठीण आहे की मऊ, हे वेगळे विचारावे लागते. 40 घनतेचे मऊ आणि कडक असे दोन्ही फोम मिळतात.

किराणा व्यापारी, मार्केट यार्ड

जेलची गादी उन्हात उभ्या गाडीवर ठेवून पाहावी, मग तिची जाहिरात करावी. जेल उष्णता धरून ठेवते आणि सावकाश सोडते, त्यामुळे दुपारी जेवून परत आल्यावर तिच्यावर बसणे शक्यच नसते. मी तो नाद सोडून सीटवर सोलापुरी टॉवेल दुहेरी घडी करून बांधतो. घाम टिपला जातो, ओला झाला की पिळून हँडलवर वाळत घालता येतो. त्यामुळे हाडांचे दुखणे थांबत नाही, परंतु कातडी सोलवटणे थांबते, आणि माझी तक्रार तेवढीच होती.

शिक्षिका, विडी घरकुल

आतापर्यंतचे सर्व लेखन पुढे बसणाऱ्यांचे आहे, म्हणून मागच्या सीटविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. आम्ही उभयता गाणगापूर आणि तुळजापूरला गाडीनेच जातो. यजमानांनी गाडी घेतली तेव्हा तिच्या दोन भागांतील सीटचा मागचा तुकडा दिसायला डौलदार होता. परंतु त्यावर साडी नेसून एका बाजूला बसणे शक्य नव्हते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले तरी त्याची कड मांडीत रुतत असे.

तो तुकडा रुंद व सपाट करून घेतला. फोम वाढल्याने मी सुमारे दीड इंच वर आले, त्याचे दोन परिणाम झाले. पायांना फूटरेस्टपर्यंत अधिक जागा मिळाल्याने गुडघे दुखणे कमी झाले, हा फायदा. मात्र बाजूची पकड त्या मानाने खाली गेली आणि तिला धरण्यासाठी वाकावे लागू लागले. त्यातच कारागिराने नवे कव्हर ओढताना सीटवरचा पट्टा काढून टाकला होता. तो आम्ही परत लावून घेतला. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकावर कपडा अडकू नये म्हणून जाळी असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 प्रमाणे बंधनकारक आहे, हे सीट शिवायला देणाऱ्या प्रत्येक पतिराजांनी ध्यानात ठेवावे.

हवेच्या गादीचाही अनुभव आहे. ती ताठ फुगवली तर वळणावर शरीर डुलते आणि भीती वाटते. फुगवून वर बसावे, मग हळूहळू हवा सोडत जावे आणि हाडे सीटपासून बोटभर उंच राहतील इतपतच हवा ठेवावी. सकाळच्या गारव्यात भरलेली हवा दुपारी प्रसरण पावते, म्हणून अक्कलकोटला थांबल्यावर मी थोडी सोडते.

धागाकर्ता

बाईंनी मांडलेला उंचीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उंची कमी असलेल्या चालकांनी याविषयी कृपया लिहावे.

महाविद्यालयीन प्राध्यापक, सम्राट चौक परिसर

माझी उंची पाच फूट चार इंच असून गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन 450 आहे. तिच्या सीटची उंची 825 मिलिमीटर असून ती 845 पर्यंत वाढवता येते. मला अर्थातच खालचीच लागते. अशा गाडीवर वरून इंचभराची गादी टाकली की सिग्नलला दोन्ही पाय टेकत नाहीत, आणि सामान लादलेली गाडी एका पायावर तोलण्यात कमरेचे हाल होतात. मी उंची मुळीच वाढवली नाही. पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तासून घेतल्या, त्यामुळे मांड्या जवळ येऊन पाय सरळ खाली जातो, आणि मागचा भाग तेवढा रुंद ठेवला. जमिनीपर्यंत पाय पोहोचणे हे उंचीइतकेच सीटच्या पुढच्या रुंदीवर अवलंबून असते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

सेवानिवृत्त यांत्रिक, कुमठा नाका

जुन्या बुलेटला चालकासाठी स्प्रिंगवरची स्वतंत्र सीट असे. तिचा आकार बैठकीचा होता आणि हादरा स्प्रिंग घेत असे, फोमला ते काम करावे लागत नसे. आज मागचे शॉकअप कडक ठेवून सीटमध्ये मऊपणा शोधणारे तरुण पाहिले की आश्चर्य वाटते. सीटवर पैसे घालण्यापूर्वी टायरमधील हवा आणि मागच्या शॉकअपची कडकपणा कमी-जास्त करण्याची खाच आपल्या वजनाप्रमाणे आहे का, हे पाहावे. त्याला पैसा लागत नाही.

दूर पल्ल्याचा हौशी चालक, विजापूर रस्ता

अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे सुमारे 1,609 किलोमीटर, दुचाकी चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र देते. त्या धर्तीवर चालवणाऱ्या मंडळींबरोबर मी प्रवास केला आहे आणि त्यांच्या गाड्यांवर सीटचे सगळे प्रकार पाहिले. समान होते ते कपडे. जीन्सची जाड शिवण नेमकी हाडाखाली येते, सुती अंतर्वस्त्र घाम धरून ठेवते. त्याऐवजी ही मंडळी बिनशिवणीचे, घाम लवकर वाळणारे कपडे वापरतात. सायकलस्वारांच्या गादी लावलेल्या चड्डीविषयी मतभेद आहेत, मला ती मानवली नाही. दुसरे म्हणजे दुखू लागण्यापूर्वीच ते फूटरेस्टवर क्षणभर उभे राहतात. मागे बसणाऱ्याला हे करता येणार नाही, म्हणून मागे कोणी असेल तर तासाभराने थांबणेच इष्ट.

कुशन कारागीर, अशोक चौक परिसर

मुलाने हा धागा वाचून दाखवला, त्याच्याकडूनच लिहून घेत आहे. गिऱ्हाईक दुकानात आले की अंगठ्याने फोम दाबते आणि मऊ लागला की खूश होते. अंगठा काही सीटवर बसणार नाही. मी त्यांना कच्च्या फोमवर, कव्हर न चढवता, गाडीवर बसवतो आणि किमान अर्धा तास चक्कर मारून यायला सांगतो. घाई असलेले नाराज होतात, परंतु कव्हर चढवल्यावर फोम तासता येत नाही.

तळाला मी तुकडे दाबून बनवलेला रिबाँड फोम वापरतो, तोही हाडे टेकतात तेवढ्याच जागेत. सगळी सीट रिबाँडची केल्यास ती दगड होते. कंपनीचा मूळ साच्यातला फोम शक्यतो फेकू नये. त्याच्या इतका सलग आकार हाताने येत नाही, त्यातच भर घालावी किंवा त्यालाच तासावे. प्रयोग करायचे असल्यास जुन्या बाजारातून दुसरी सीट आणावी आणि मूळ सीट घरी तशीच ठेवावी.

शिवणीविषयी कोणी लिहिले नाही. हिऱ्याच्या आकाराची नक्षी सध्या फार मागतात. प्रत्येक टाक्याचे भोक पाणी आत घेते, आणि एकदा फोम भिजला की तो आठवडाभर ओला राहून रेक्झिन तापल्यावर वास मारतो. बैठकीच्या जागी शिवण नसावी, ती बाजूने यावी, आणि फोमवर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून मगच कव्हर ओढावे. स्टेपलच्या पिना गंज न धरणाऱ्या आहेत का, हे विचारून घ्यावे. साध्या पिना दोन पावसाळ्यांत गंजून तुटतात आणि कव्हर कडेने सुटते. रंगाविषयी एवढेच सांगेन की काळ्यापेक्षा राखाडी किंवा मातकट रेक्झिन आपल्या उन्हात कमी तापते.

पावसाळ्यात चिकटवण्याचे काम मी घेत नाही, दमट हवेत सोल्यूशन नीट धरत नाही. काम करून घ्यायचे असल्यास सीट तेवढी पिशवीत घालून आणू नये. गाडी घेऊन यावे, प्रवासात घालता तीच पँट आणि तेच बूट घालून यावे, आणि मागे नेहमी कोणी बसत असेल तर त्यांनाही बरोबर आणावे.