इस्मत : 'म्हणाले' की 'म्हणाल्या'?

प्रश्न (खर्डेघाशी):
अरब लीगवरचा (अरब देशांच्या संघटनेवरचा) एक लेख मराठीत आणतोय. त्यात सरचिटणीस म्हणून 'इस्मत' हे नाव येतं. डोळ्यांसमोर उर्दू लेखिका इस्मत चुगताई, म्हणून सरळ 'म्हणाल्या' लिहिलं. आता शंका येतेय. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्यामुळे निभावतं, मराठीत तिथेच अडतं. नावाचा नेमका अर्थ काय? बाई की पुरुष हे ओळखायचं कसं?

ऐनगैन:
'म्हणाले' करा. ते इस्मत अब्देल मगीद, इजिप्तचे माजी परराष्ट्रमंत्री, १९९१ ते २००१ अरब लीगचे सरचिटणीस. तुर्कस्तानचे दुसरे अध्यक्ष इस्मत इनोनू हेही पुरुषच (तिकडचा उच्चार 'इस्मेत'). उलट सुलतान सलाहुद्दीनची बेगम इस्मतुद्दीन खातून.

नावाचा अरबी धातू ऐन-साद-मीम (ही तीन मुळाक्षरं) : रोखणं, राखणं. इस्मत म्हणजे पापापासून, चुकीपासून राखलं जाणं. त्यावरून निष्कलंकपणा, शील. आसिम म्हणजे राखणारा, मासूम म्हणजे राखलेला. हिंदीमुळे आपल्याला 'मासूम' म्हणजे निरागस एवढंच ठाऊक, पण शिया परंपरेतले चौदा मासूम म्हणजे चुकीपासून मुक्त अशा चौदा व्यक्ती. इजिप्तमध्ये 'इस्मत बायकोच्या हाती' म्हणजे निकाहाच्या करारातच तिला तलाकचा अधिकार दिलेला.

शेवटच्या 'त'वर मात्र जाऊ नका. अरबी शब्दात तो गोल 'ते' ('त' अक्षराचं एक रूप), म्हणजे स्त्रीलिंगी प्रत्यय; त्यावर थांबलं की उच्चार 'इस्मा' होतो. फारसी-तुर्की वळणाच्या लेखनात तो लांब 'ते' झाला आणि नावात 'त' स्पष्ट ऐकू येऊ लागला. शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, माणूस कोणीही. तलत, शौकत, हिकमत याच घडणीची नावं. गायक नुसरत फतेह अली खान आणि बेनझीर भुट्टोंच्या आई नुसरत भुट्टो आठवा.

खर्डेघाशी:
आभार. पण पुढे एका तळटीपेत नुसतंच 'इस्मत' आहे, आडनाव नाही.

तळटीप (हे सदस्यनाम):
जोडनाव असेल तर काम सोपं : इस्मतुल्ला पुरुष, इस्मत आरा, इस्मत जहाँ, इस्मतुन्निसा बायका. मूळ अरबी मजकूर मिळाला तर क्रियापद बघा, 'काला' म्हणजे म्हणाला, 'कालत' म्हणजे म्हणाली. काहीच हाती लागलं नाही तर 'इस्मत यांनी सांगितलं' किंवा 'इस्मत यांच्या मते' लिहा. 'यांनी' आलं की क्रियापद कर्त्याचं लिंग सांगत नाही. 'म्हणणे'चंही 'इस्मत यांनी म्हटलं' हे रूप चालतं; 'म्हणाले' की 'म्हणाल्या' लिहायचं तर मात्र लिंग ठरवावंच लागतं.

ऐनगैन:
लेखनाचंही बघा. 'इस्मत'च, 'इसमत' नाही, 'स' अर्धा. हिंदीत 'अस्मत' हे रूपही चालतं, पण ते बहुधा 'अब्रू' या अर्थाने, 'अस्मत लुटणे' वगैरे. व्यक्तीच्या नावाला ते नको. 'किस्मत'चा धातू निराळा (काफ-सीन-मीम) आणि 'अस्मिता' तर संस्कृत. बाळाचं नाव ठेवणाऱ्यांनी उर्दूत ऐन-स्वादनेच (स्वाद म्हणजे अरबीतला साद) लिहावं, अलिफ-सीनने लिहिलं की अर्थच हरवतो. रोमनमध्ये सुरुवातीला 'आय' घ्या किंवा 'ई', पण जन्मदाखल्यावर जे अक्षर असेल तेच पासपोर्टवर हवं.